बंद यंत्रात दुपारी टॉर्क कुठून येतो?

दुपारचे तीन. वारा पडलाय, पाती फिरवून त्यांची कड वाऱ्याकडे केलीय, जनरेटर ग्रिडपासून सुटलेला, रोटर मिनिटाला जेमतेम दोन फेरे घेतोय. अशा वेळी पवनचक्कीच्या मुख्य शाफ्टमध्ये पीळ असून असून किती असणार? स्क्रीनवर मात्र ४३ किलोन्यूटन-मीटर. पहाटे सहाला हाच आकडा शून्याला टेकलेला होता आणि रात्री दहाला परत टेकणार होता. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे सुंभच नव्हता आणि पीळ तेवढा दिसत होता.

मी इंदूरचा. काम देवास, रतलाम, मंदसौर भागातल्या टेकड्यांवरच्या यंत्रांवर लोड मोजण्याचं, म्हणजे गेज (ताणलं की रेझिस्टन्स बदलणारी बारीक जाळी) चिकटवून वाचण्याचं. ही तक्रार मला वेगवेगळ्या यंत्रांवर परत परत भेटली आहे, आणि दर वेळी पहिला उपाय तोच सुचवला जातो: गेज खराब झालेत, नवे चिकटवा. खाली जे यंत्र सांगतोय त्याच्यावर गेज दोनदा बदलून झाले होते, दोन्ही वेळा आठवड्याच्या आत दुपारचा टॉर्क परत हजर. साइटवरचा टेक्निशियन म्हणाला, "सर, मई में दोपहर को किसका पारा नहीं चढ़ता?" त्याचं काही चुकलं नव्हतं. कशाचा पारा चढतो एवढंच शोधायचं होतं.

आधी ४३ म्हणजे किती ते बघू, कारण हा अंदाज नसला की माणूस भलत्याच ठिकाणी हात घालतो. यंत्र २ मेगावॉटचं, पूर्ण क्षमतेला रोटर मिनिटाला १७ फेरे. म्हणजे सेकंदाला १.७८ रेडियन. गिअरबॉक्स आणि जनरेटरचा मिळून सहा-सात टक्के तोटा धरला तर शाफ्टवर सुमारे १२०० किलोन्यूटन-मीटर टॉर्क येतो. शाफ्टचा बाहेरचा व्यास ६०० मिलिमीटर. मध्ये १०० मिलिमीटरचं भोक असलं तरी हिशेबात व्यासाचा चौथा घात येतो, त्यामुळे फरक हजारात एकापेक्षाही कमी. भरीव धरून चाला. टॉर्कची आठपट घ्यायची आणि पाय (π), व्यासाचा घन आणि स्टीलचा शिअर मॉड्युलस म्हणजे ८० गिगापास्कल, या तिन्हींच्या गुणाकाराने भागायची. ४५ अंशांच्या रेषेत स्ट्रेन मिळतो १७७ मायक्रोस्ट्रेन, म्हणजे लांबीत दहा लाखांत १७७ भागांचा बदल. चार गेजांचा पूर्ण ब्रिज (गेजांची चौकोनी जोडणी, प्रत्येक बाजू म्हणजे एक भुजा) आणि गेज फॅक्टर, म्हणजे स्ट्रेनच्या किती पट रेझिस्टन्स बदलतो तो आकडा, २ असेल तर ब्रिजमधून बाहेर येतात ०.३५ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट. ब्रिजला पाच व्होल्ट दिले तर अख्खे २ मेगावॉट पावणेदोन मिलिव्होल्टांत मावले. आपला दुपारचा ४३ चा भुताटकी टॉर्क म्हणजे त्यातले ६३ मायक्रोव्होल्ट. एवढ्याशा व्होल्टेजला चुकायला फार मोठं कारण लागत नाही.

बाराशेतल्या ४३ साठी, म्हणजे साडेतीन टक्क्यांसाठी, एवढी धावपळ कशाला, असं मलाही एका इंजिनिअर साहेबांनी ऐकवलं आहे. लोड मापनाचं मानक म्हणजे आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ६१४००-१३, त्याची २०१५ ची आवृत्ती सध्या सगळे वापरतात. त्यात पात्यांच्या मुळाशी वाकण, शाफ्टवर टॉर्क आणि वाकण, टॉवरच्या बुडाशी वाकण, अशी मोजायच्या भारांची यादी आहे. या मापनांतून पुढे थकव्याचा हिशेब होतो, आणि तो चालतो चढ-उताराच्या फरकावर. शून्य हळूहळू सरकला तरी फरक तेवढाच राहतो, म्हणून रिपोर्ट सुखरूप पास होतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. गिअरबॉक्सचं तसं नाही. दात किती फेरे किती टॉर्कखाली होता यावर त्याचं आयुष्य ठरतं, आणि तिथे टॉर्कला सहा-सातचा घातांक लागतो. टॉर्क चार टक्के जास्त वाचला गेला तर झीज एक चतुर्थांशापेक्षा जास्त वाढलेली दिसते. मग कुणीतरी चांगल्या गिअरबॉक्सवर संशय घेतो.

शून्य सरकतोय की पट्टी बदलतेय?

पहिला प्रश्न हाच. यंत्र मोकळं फिरत असताना ४३ जास्त आणि पूर्ण भारावरही ४३ च्याच आसपास जास्त, तर शून्य सरकला. मोकळं फिरताना काही नाही, पण भार वाढेल तशी चूकही वाढते, तर पट्टीच बदलली, म्हणजे स्पॅन. या दोघांची कारणं वेगळी आहेत. बॅटरी उतरली, ब्रिजला मिळणारं व्होल्टेज पडलं आणि ट्रान्समीटर (शाफ्टवरून सिग्नल पाठवणारी पेटी) त्याची भरपाई करत नसला, तर मुख्यतः स्पॅन बिघडतो. "दुपारी टॉर्क चढतो" या तक्रारीवर बॅटरी बदलून आलेले लोक मी पाहिले आहेत. ७० मीटरची शिडी चढून.

पूर्ण भारावर ताळा बघायला विजेचा मीटर आहेच: जनरेटरची पॉवर, रोटरचा वेग आणि अंदाजे तोटा यांतून टॉर्क किती असायला हवा ते निघतं. पण हा ताळा दहा टक्क्यांची चूक पकडतो, एक टक्क्याची नाही, कारण तोट्याचा आकडाच तेवढा पक्का नसतो. आणि शाफ्टला वजन टांगून तपासण्याची सोय नाही. एवढ्या टॉर्कचं प्रमाणित माप मिळतं ते जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या राष्ट्रीय मापन संस्थेसारख्या ठिकाणी, तिथलं यंत्रही बरीच वर्षं १.१ मेगान्यूटन-मीटरपर्यंतच जायचं. आपल्या २ मेगावॉटच्या शाफ्टला तेही थोडं अपुरंच होतं.

आपल्या हातात आहे तो शंट. ३५० ओमच्या ब्रिजच्या एका भुजेला ३५० किलोओमचा पक्का रेझिस्टर समांतर जोडला की बाहेर ०.२५ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टची पायरी दिसली पाहिजे. आम्ही ती पहाटे घेतली, दुपारी घेतली. पायरी दोन्ही वेळा तेवढीच, फक्त ती ज्या जमिनीवर उभी होती ती जमीन वर आलेली. म्हणजे व्होल्टेज ठीक, ॲम्प्लिफायरची पट ठीक, स्पॅन ठीक. शून्यच सरकतोय. (शंटवर यापेक्षा जास्त विश्वास टाकू नका. गेज ४५ अंशांत बसलाय की नाही आणि शाफ्टचा व्यास तुम्ही बरोबर टाकलाय की नाही, हे त्याला कळत नाही.)

मग ट्रान्समीटर. गेजच्या तारा सोडवल्या आणि त्यांच्या जागी घरीच जोडलेला, चांगल्या प्रतीच्या चार ३५० ओम रेझिस्टरांचा खोटा ब्रिज लावून एक दिवस ठेवला. दिवसभरात शून्य हलला तो दोन-तीन किलोन्यूटन-मीटर. ट्रान्समीटर सुटला.

खराच टॉर्क असेल का? पहाटे गिअरबॉक्सचं तेल थंड आणि जाड असतं, त्यामुळे मोकळ्या फेऱ्यातही शाफ्टला थोडा पीळ पडतो. पण तो एक-दोन किलोन्यूटन-मीटरचा, आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. आपली चूक उलट्या दिशेला.

उरला ब्रिज. गेज, गोंद आणि तारा.

पूर्ण ब्रिज तापमान खातो, मग हे काय?

पुस्तकात लिहिलेलं असतं की चार गेजांचा पूर्ण ब्रिज तापमानाचा परिणाम आपोआप काढून टाकतो. खरंय, पण एका अटीवर: चारही भुजा सारख्याच असल्या आणि सारख्याच तापल्या तर. शाफ्टच्या एका बाजूला दोन गेजांची व्ही आकाराची जोडी, बरोबर समोर १८० अंशांवर दुसरी जोडी. टर्मिनल पहिल्या जोडीपाशी. दुसऱ्या जोडीपासून टर्मिनलपर्यंत तीन तारा अर्धा शाफ्ट वळसा घालून येतात, प्रत्येकी साधारण ९४ सेंटिमीटर: एक प्लस, एक मायनस, एक सिग्नल.

सिग्नलची तार कितीही लांब असली तरी चालतं, तिच्यातून प्रवाह जवळजवळ जातच नाही. प्लस आणि मायनस मात्र गेजच्या भुजेत बसलेल्या असतात. त्या सारख्या लांबीच्या असल्या तर ब्रिज त्यांची वजाबाकी करतो. नसल्या तर तांबं आपला स्वभाव दाखवतं, अंशामागे ०.३९ टक्के.

गंमत अशी की चूक पहिल्या दिवसाच्या शीटवरच लिहिलेली होती. बसवताना ब्रिजचा मूळ असमतोल ०.१५ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट. पूर्ण भाराच्या जवळपास निम्मा! बसवणाऱ्याने तो लिहून ठेवला, सॉफ्टवेअरमध्ये टेअर केला, म्हणजे वजा करून आकडा शून्यावर आणला, आणि खाली उतरला. त्याला दोष देत नाही. गेजच्या स्वतःच्या रेझिस्टन्समध्ये एवढा फरक असू शकतो आणि बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो. पण दोनदा गेज बदलूनही असमतोल त्याच दिशेला, तेवढाच? नव्या पाकिटातले नवे गेज एकसारखे चुकत नाहीत. चुकतो तो हात, जो दर वेळी तशीच वायरिंग करतो.

आमच्याकडे एक जुने सहकारी आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. फोनवर त्यांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "अहो, ०.१५ ला चारने गुणा, ३५० ने गुणा, किती ओम आले?" ०.२१ ओम. "तार कुठली वापरली?" ०.०८ चौरस मिलिमीटरची. "मग एक मीटर तार कुठेतरी जास्त आहे. शोधा."

त्या जाडीच्या तांब्याच्या तारेचा मीटरमागे रेझिस्टन्स ०.२१५ ओम असतो. पुढचा हिशेब मी शिडीवर चढता चढता केला: नॅसेलमध्ये (टॉवरवरच्या यंत्रखोलीत) पहाटे ते दुपार २० अंशांचा फरक, म्हणजे त्या ०.२१५ ओममध्ये ७.८ टक्के वाढ, म्हणजे ०.०१७ ओम. ३५० ने भागा, चारने भागा: १२ मायक्रोव्होल्ट प्रति व्होल्ट. पूर्ण भाराच्या ३.४ टक्के, म्हणजे ४१ किलोन्यूटन-मीटर. आम्हाला दिसत होते ४३.

रोटर लॉक केला, लॉकआउटची कुलपं लावली, शाफ्टवरचं आवरण उघडलं. दुसऱ्या जोडीच्या प्लस तारेचं नीट गुंडाळलेलं वेटोळं, वर काळी टेप, मुख्य बेअरिंगच्या बाजूला चिकटवलेलं. मायनसला असलं काही नाही. तार कापायला हात धजत नाही, "असू दे, लागेल कधीतरी" ही आपली घरोघरची सवय. रबर बँड आणि रिकाम्या बरण्यांपुरती ती चालते.

पण दिसलं म्हणून कापलं, असं करायचं नाही. आधी सिद्ध करायचं. मी घरून हेअर ड्रायर नेला होता. निघताना बायकोने एवढंच विचारलं की टर्बाइनला केस आले का. सकाळची शांत वेळ निवडली, कारण रोटर लॉक असताना शाफ्टमध्ये थोडा पीळ अडकून राहतो आणि वारा असेल तर तो हलतो. शून्य काय आहे याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं, फक्त बदल बघायचा होता. आधी पहिल्या गेजच्या जोडीवर मिनिटभर ऊब दिली: आकडा तीन-चारने हलला आणि परत आला. समोरच्या जोडीवर दिली: तसंच. मग काळ्या टेपच्या वेटोळ्यावर. खाली लॅपटॉपपाशी बसलेला टेक्निशियन रेडिओवर आकडे वाचत होता: "बारह... बीस... इकतीस... अड़तीस... सर, ये तो चल पड़ा!" ड्रायर काढला, हाताने वारा घातला, आकडा उतरू लागला. एवढं स्पष्ट उत्तर या धंद्यात फार क्वचित मिळतं.

दुरुस्ती वीस मिनिटांची. वेटोळं कापलं, प्लस आणि मायनस मोजून सारख्या केल्या, दोन्ही तारा एकमेकींना लागून एकत्र नेल्या म्हणजे एक तापली की दुसरीही तेवढीच तापेल, सोल्डरचे नवे डाग दिले, फ्लक्स नीट पुसला. तारा संपूर्ण लांबीवर शाफ्टला चिकटवल्या. लोकांना इथे केंद्रोत्सारी बलाची भीती वाटते. पण १७ फेऱ्यांना ३०० मिलिमीटर त्रिज्येवर ते गुरुत्वाच्या दहाव्या हिश्शाएवढंच असतं. तार हलते ती गुरुत्वामुळे: शाफ्टच्या वर असताना बसते, खाली आली की लोंबते, दर फेऱ्याला. काही महिन्यांत डाग तुटतो आणि मग तुम्ही वेगळ्याच तक्रारीसाठी शिडी चढता.

पावसाळ्यातला भाऊबंद

दुपारचा टॉर्क तापमानाबरोबर सरळ रेषेत चढत-उतरत असेल तर वरची गोष्ट. शाफ्टवर तापमान मोजणारा एक पीटी-१०० चिकटवा, शून्य आणि तापमान एकमेकांसमोर मांडा. सरळ रेघ आली तर तारा किंवा गेजची जुळणी. चढताना एक वाट आणि उतरताना दुसरी, असा फुगीर फास आला तर शाफ्ट एका टोकाने आधी तापतोय किंवा ओल शिरली आहे.

ओल हा जुलैपासूनचा धंदा. गेज आणि शाफ्ट यांच्यातलं इन्सुलेशन काही गिगाओम असायला हवं. ते घसरत घसरत एका भुजेला समांतर १ मेगाओमची गळती झाली तर टॉर्कमध्ये पूर्ण भाराच्या पंचवीस टक्क्यांची खोटी भर पडते. हे सावकाश होतं, सकाळी दव असताना जास्त, ऊन लागल्यावर कमी. म्हणजे दुपारच्या तक्रारीच्या नेमकं उलट. तपासताना ५०० व्होल्टचा मेगर लावू नका. गेजचा पातळ थर फुटतो आणि मग तो खरंच बदलावा लागतो. कमी व्होल्टेजचा इन्सुलेशन टेस्टर घ्या, आणि आधी ट्रान्समीटर सोडवा.

झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद दोन दिवसांच्या मापनाला ठीक आहे, पावसाळा काढणाऱ्या मापनाला नाही. इपॉक्सी वापरा, त्याला उष्णता द्यायला वेळ काढा. गेजवर सिलिकॉन किंवा ब्यूटाइलचं आवरण द्या आणि तार बाहेर येते ती जागा दोनदा बघा. पाणी नेहमी तिथूनच शिरतं.

फेऱ्यागणिक येणारी लाट

याला मी थोडक्यात आटोपतो, पण लोक शून्य सरकण्याशी याची गल्लत करतात. टॉर्कमध्ये दर फेऱ्याला तीन लाटा, म्हणजे १७ फेऱ्यांना ०.८५ हर्ट्झ, या खऱ्या असतात: पातं टॉवरसमोरून जातं, वर वारा जास्त आणि खाली कमी असतो. दर फेऱ्याला एक लाट, ज्याला आम्ही वन-पी म्हणतो, ती संशयास्पद. रोटर वजनाने असमतोल असेल किंवा एखाद्या पात्याचा पिच (कोन) चुकला असेल तर ती खरी असू शकते. पण बऱ्याच वेळा तो वाकणाचा टॉर्कमध्ये झिरपलेला अंश असतो. रोटरच्या वजनाने शाफ्ट वाकलेला असतो आणि फिरताना ते वाकण गेजला लाटेसारखं दिसतं. एक जोडी २ अंशांनी तिरकी बसली आणि वाकणाचा स्ट्रेन १०० मायक्रोस्ट्रेन असला तर टॉर्कमध्ये पूर्ण भाराच्या सव्वा टक्क्याची वन-पी लाट येते. खुद्द टॉर्कचं वाचन त्या २ अंशांमुळे ०.१२ टक्क्यांनीच कमी होतं, म्हणून शंट किंवा पॉवरच्या ताळ्यात हे कधी सापडत नाही.

शाफ्टवर एकमेकांना काटकोनात दोन वाकणाचे ब्रिज असतील (मानकाप्रमाणे काम असेल तर असतातच) तर मोकळ्या फेऱ्यांत टॉर्कचा सिग्नल त्या दोघांसमोर मांडा, किती हिस्सा झिरपतो तो काढा आणि वजा करा. आणि नव्याने बसवत असाल तर साधा उपाय: कागदाची पट्टी शाफ्टभोवती गुंडाळा, जोडावर खूण करा, काढून बरोबर मध्ये घडी घाला. ६०० च्या शाफ्टला परीघ १८८५ मिलिमीटर येतो, घडी ९४२ वर. समोरची जागा यापेक्षा अचूक डोळ्याने सापडत नाही.

शून्य कधी घ्यायचा

बसवल्या दिवशी एकदा शून्य घेऊन महिनाभर त्याच्यावर जगणं, ही मूळ सवय मोडायला हवी. वारा कमी असताना, जनरेटर सुटलेला, पाती कड देऊन, रोटर सावकाश फिरतोय, अशा वेळी पूर्ण फेऱ्यांची सरासरी घ्या. अर्धा फेरा जास्त धरलात तर वाकणाची अर्धी लाट आत येते. मी किमान दहा पूर्ण फेरे घेतो. रोटर लॉक असताना शून्य कधीच घेत नाही. आठवड्यातून एकदा पहाटे आणि एकदा दुपारी घ्या, शेजारी शाफ्टचं तापमान लिहा, आणि टेअर करण्याआधीचा कच्चा मिलिव्होल्टचा आकडा जपून ठेवा. टेअर केल्यावर पुरावा जातो. आमच्या यंत्रावर तो वाचला तो फक्त कुणीतरी शीटवर पेनाने लिहून ठेवला होता म्हणून.

तार कापल्यानंतर मूळ असमतोल ०.१५ वरून ०.०१ वर आला आणि दुपारचा आकडा ४३ वरून पाच-सहावर. ते पाच-सहा अजून आहेत. मुख्य बेअरिंगकडची बाजू गिअरबॉक्सच्या बाजूपेक्षा आधी तापते आणि दोन्ही गेज-जोड्यांमध्ये अंशभराचा फरक राहतो. तो काढायला शाफ्टवर आवरण चढवावं लागेल. अर्ध्या टक्क्यासाठी मी ते करणार नाही, तापमानाच्या रेषेतून वजा करतोय.